श्रीलंकेची ग्रुप टूर आणि कलावेवाचा बांध

२०२५ च्या फेब्रुवारीत लातूर, औसा, उदगीर, अंबाजोगाई, केज अशा गावांतली आम्ही मंडळी एका बसमध्ये बसून श्रीलंका पाहून आलो. बहुतेक निवृत्त. शिक्षक, बँकेतले, एक गुरांचे डॉक्टर आणि शेती करणारी काही जोडपी. सोबत पुण्याचा तरुण टूर मॅनेजर, आणि तिकडे उतरल्यावर भेटलेला सिंहली गाइड. समुद्र, चहाचे मळे, सीतामाईचं मंदिर हे सगळं पाहिलंच, आणि ते छानच आहे. पण मराठवाड्यातल्या माणसाने त्या बेटावर जाऊन आधी काय पाहावं, असं मला कुणी विचारलं तर मी तिथले तलाव सांगेन. आमच्या सहलीच्या छापील कागदावर त्यांचं नावही नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

शनिवार : कटुनायके ते दांबुल्ला

मुंबईहून थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचवतं. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला आहे, त्यामुळे दांबुल्ल्याकडे जाणाऱ्यांना राजधानीच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. घड्याळाला हात लावायचा नाही, वेळ आपलीच.

पहिला थांबा शहाळ्यांचा. तिकडचं शहाळं केशरी असतं, त्याला तंबिली म्हणतात. पाणी आपल्यापेक्षा थोडं कमी गोड, पण दुपारच्या उकाड्यात एकेकाने दोन-दोन रिचवली. रस्त्याच्या पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत. कचरा जवळजवळ दिसतच नाही, आणि हे सगळ्या प्रवासात असंच राहिलं.

कुरुणेगल सुटलं आणि खिडकीशी बसलेले औशाचे नाना उठून पुढे आले. नानांचं वय सत्तरीच्या पुढचं, पण शेत अजून स्वतः बघतात. गाइडच्या पाठीमागच्या सीटवर बसले आणि बोट दाखवायला लागले. "हे तळंच ना ओ?" हो. पाच मिनिटांनी, "हे बी तळंच?" हो, तेही. भाताची खाचरं, मग मातीचा बांध, मग कमळांनी भरलेलं पाणी, मग झाडी, आणि लगेच पुढचा बांध. गाइडने सांगितलं की या कोरड्या भागात असे लहान-मोठे हजारो तलाव आहेत आणि त्यातले कित्येक हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे. तलावाला तिकडे 'वेवा' म्हणतात. कोरडा भाग म्हणजे अर्थात आपल्यापेक्षा जास्त पावसाचा, हे आधीच सांगते. पण तो पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडून जातो आणि मग महिनोन् महिने ऊन. साठवलं नाही तर संपलं, हे गणित दोन्हीकडे एकच.

इथे थोडी कामाची माहिती. तेव्हा आपल्या एका रुपयाला तिकडचे साधारण साडेतीन रुपये मिळत होते. विमानतळावरच पैसे बदला आणि सिमकार्ड घ्या, दोन्ही पटकन होतं. बऱ्याच हॉटेलांत चौकोनी तीन पिनांची सॉकेटं असतात, तेव्हा अॅडॅप्टर लागतोच. व्हिसाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. आणि शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. खोबऱ्याची लाल चटणी, पोल संबोल, दिसायला अगदी शाकाहारी, पण तिच्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो. आधी विचारायचं. बिनमासळीची करून देतात, आणि ती इतकी चांगली लागते की आमच्याकडची शेंगदाण्याची चटणी पिशवीतच राहिली.

रविवार : सिगिरिया, गेलेली वीज आणि हिरिवडुन्नातलं जेवण

सिगिरियाला सकाळी फाटक उघडतं, तेव्हाच आत शिरा. नऊनंतर ऊन आणि गर्दी एकदम चढते. सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत आहे, त्यासाठी पासपोर्ट हातात हवा.

सपाट रानातून एकच कातळ सरळ उभा राहिला आहे, पावणेदोनशे-दोनशे मीटर उंच. पाचव्या शतकात राजा कश्यपाने त्याच्या माथ्यावर महाल बांधला. बापाला मारून गादी घेतलेली, सावत्र भाऊ मोग्गलान भारतात पळालेला, तो सैन्य घेऊन येईल ही धास्ती, म्हणून एवढ्या उंचावर मुक्काम. इसवी सन ४९५ मध्ये तो भाऊ खरोखरच आला आणि कश्यप लढाईत संपला. नंतर ही जागा भिक्खूंच्या ताब्यात गेली.

पायथ्याशी पाण्याच्या बागा आहेत. दोन्ही बाजूंना मापात बसवलेली कुंडं, जमिनीखालून नेलेल्या नळ्या, आणि भोकं पाडलेल्या दगडी चकत्यांची कारंजी. जोरदार पाऊस झाला की ही कारंजी आजही उडतात. आम्ही गेलो तेव्हा बंद होती. तरी नाना आणि आमचे हे खाली वाकून नळीचं तोंड कुठे आहे ते शोधत बसले आणि टूर मॅनेजरला सगळ्यांना पुढे हाकायला बरेच कष्ट पडले.

वर जायला साधारण बाराशे पायऱ्या. मधेच लोखंडी गोल जिन्याने चित्रांपाशी पोहोचतो. ढगांतून कमरेपर्यंत वर आलेल्या स्त्रिया, हातात फुलं, काहींच्या हातात तबक. रंग अजून ओला वाटावा इतका ताजा. अजिंठा पाहिलेल्या माणसाचे पाय इथे थबकतातच. अजिंठ्यातली बरीच चित्रं वाकाटकांच्या काळातली, म्हणजे त्याच पाचव्या शतकातली. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. लोक निदान डोळ्यांनी बघतात. पुढे आरशासारखी घोटलेली भिंत लागते, तिच्यावर शतकानुशतकं येणाऱ्या पाहुण्यांनी त्या स्त्रियांना उद्देशून कविता कोरल्या आहेत. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्या. मी शाळेत भाषा शिकवली. त्यामुळे त्या भिंतीपाशी माझा पाय निघेना.

सिंहाच्या दोन भल्यामोठ्या पंज्यांमधून शेवटचा चढ सुरू होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पंज्यांच्या चौकापर्यंत यावं आणि तिथे थांबावं, तेवढ्यानेही सार्थक होतं. गांधीलमाशांची पोळी आहेत, शांत राहा अशा पाट्या लावल्या आहेत, त्या गांभीर्याने घ्या. माथ्यावर कातळात कोरलेलं मोठं कुंड आहे, आणि त्यात पाणी होतं.

खाली येऊन जेवायला बसलो तोच पंखे थांबले. वाटलं, हॉटेलचा फ्यूज असेल. थोड्या वेळात गाइडच्या फोनवर बातमी आली. सगळ्या देशाची वीज गेली होती! कोलंबोच्या दक्षिणेला पाणदुरा इथल्या उपकेंद्रात एक माकड यंत्रणेला लागलं आणि देशभर अंधार, असं तिकडच्या ऊर्जामंत्र्यांनीच सांगितलं. केजच्या मावशींनी तिथल्या तिथे हात जोडले. "मारुतीराया, लंकेत अजून तुझंच चालतं बाबा!" गाइडला त्याचं भाषांतर करून सांगितल्यावर तोही मनापासून हसला.

वीज परत यायला बरेच तास गेले, पण दुपारी आम्ही जिथे गेलो तिथे तिची गरजच नव्हती. हबरानाजवळ हिरिवडुन्ना नावाचं गाव आहे. बैलगाडीतून थोडं अंतर, मग नावेतून तलाव ओलांडायचा, आणि पलीकडे मातीच्या घरात जेवण. बैलगाडी आमच्यासाठी काही नवी नव्हती, पण ती कमळांनी भरलेल्या पाण्यातली नाव! नावाड्याने कमळाच्या पानाची टोपी करून मावशींच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांनी ती शेवटपर्यंत काढली नाही.

घरातल्या बाईंनी खवणीवर नारळ खवला आणि नाचणीच्या पिठात मिसळून मातीच्या तव्यावर जाड रोटी टाकली. मावशींना राहवेना. त्या चुलीपुढे जाऊन बसल्या आणि पुढची रोटी त्यांनी हातावर थापली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता आणि दोघी अखंड बोलत होत्या. मसुरीचं नारळाच्या दुधातलं वरण, कोवळ्या फणसाची भाजी, लाल तांदळाचा भात, शेवटी कवठाचं सरबत. कवठ आपल्याकडे महाशिवरात्रीला खातो तेच, तिकडे त्याचा गर गूळ आणि नारळाच्या दुधात घोळून पितात. हे घरी सहज करता येतं, आम्ही आल्यावर केलं.

जेवणानंतर त्या घरचे शेतकरी तलावाच्या काठावर येऊन बसले. नानांचे प्रश्न सुरू झाले, गाइड सिंहलीतून हिंदीत, टूर मॅनेजर हिंदीतून मराठीत. त्यातून जे कळलं ते मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं.

तलाव एकटा नसतो. एकाखाली एक अशी साखळी असते. वरच्या तलावाचं पाणी शेतात जातं, शेतातून झिरपून जे उरतं ते खालच्या तलावात येतं, तिथून पुढच्या शेतात. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखलेला असतो, वाऱ्याने पाणी उडू नये म्हणून. पाणी जिथून आत येतं तिथे गवताचा पट्टा, गाळ अडावा म्हणून. बांधाच्या खालच्या अंगाला आणि शेताच्या मधे पुन्हा झाडं, ती झिरपणाऱ्या पाण्यातला खार शोषून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा मानलं आहे.

मग नानांनी तो प्रश्न विचारला, जो आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात होता. "अन् पाऊस पडलाच न्हाई तर?"

त्यावर जे उत्तर मिळालं त्याला तिकडे 'बेत्मा' म्हणतात. तलाव अर्धाच भरला की गाव एकत्र बसतं. आहे ते पाणी किती जमिनीला पुरेल हे ठरवतात. बांधाला लागून असलेली तेवढीच जमीन त्या हंगामात कसायची, आणि ती सगळ्या शेतकऱ्यांत वाटून घ्यायची. ज्याचं शेत पार शेवटी आहे त्यालाही त्यात वाटा. बाकीचं रान पडीक.

"ज्याची जमीन बांधाला हाय, तो देतो?" नाना.

"देतो. पुढच्या हंगामात त्याची त्याला परत मिळते."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडं कालव्याच्या टेलला पाणी येईना म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्यात."

सोमवार : दांबुल्ल्याची लेणी आणि कलावेवा

दांबुल्ल्याच्या लेण्यांना सकाळी लवकर गेलो. चढ सोपा आहे. पाच गुहा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे घडत गेलेल्या, आणि छतभर चित्रं, खडकाच्या प्रत्येक उंचवट्यावरून कापड अंथरल्यागत उतरलेली. पहिल्या गुहेत निजलेला बुद्ध, साधारण चौदा मीटर लांब. दुसऱ्या, सगळ्यात मोठ्या गुहेत छतातून थेंब थेंब पाणी एका भांड्यात पडत असतं. कितीही कडक उन्हाळा असला तरी ते आटत नाही असं तिथले लोक सांगतात, आणि ते पाणी पूजेलाच वापरतात. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिकडे तो अपमान समजतात.

कागदाप्रमाणे यानंतर मसाल्याची बाग आणि एक रत्नांचं दुकान होतं. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक सहलींत हे थांबे असतात आणि त्यात अर्धा-अर्धा दिवस जातो. वेलदोड्याचं झाड दाखवायचं आणि मग काउंटरपुढे उभं करायचं. नानांनी आदल्या रात्रीच गाइडला विचारून ठेवलं होतं की सिगिरियाच्या कश्यपाच्या बापाने बांधलेला तलाव किती लांब आहे. तासाभराच्या आत, म्हणाला. टूर मॅनेजरने बसमध्ये हात वर करायला सांगितलं. रत्नांच्या दुकानासाठी चार हात वर आले. बस त्या तलावाकडे, कलावेवाकडे वळली.

बांधावर उतरलो तेव्हा समोर पलीकडचा काठ धूसर दिसत होता. बांधावरून रस्ता आहे, आणि दोन्ही बाजूंना जुने, प्रचंड बुंध्यांचे वृक्ष. गुरांच्या डॉक्टरांनी साल बघून ओळखलं, अर्जुन. तिकडे त्याला कुंबुक म्हणतात, मुळं पाण्यात सोडून उभा राहतो आणि बांधाची माती धरून ठेवतो. पाणी बांधाच्या दगडांवर हलकं आपटत होतं. पाणकावळे होते, जाळं टाकणारे दोघं होते, आणि दूरच्या काठाला गाइडने हत्ती दाखवले.

धातुसेन राजाने हा तलाव पाचव्या शतकात बांधला. इथून अनुराधपुर या जुन्या राजधानीच्या तलावांना पाणी न्यायला ८७ किलोमीटरचा कालवा काढला, आणि त्याच्या पहिल्या टप्प्यात उतार किती, तर किलोमीटरला साधारण दहा सेंटीमीटर. आमच्यात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते, ते हा आकडा ऐकून गाइडला म्हणाले, परत सांगा. तलावाचं पाणी बाहेर सोडताना दाब फार असतो, तो मोडायला बांधाच्या आत दगडी चौकोनी विहीर बांधायची आणि तिच्यातून पाणी सोडायचं, ही युक्तीही या लोकांनी फार जुन्या काळी शोधली. ब्रिटिश अभियंता हेन्री पार्कर याने तिचं फार कौतुक केलं आहे. मधली काही शतकं कलावेवा मोडून पडला होता. १८८० च्या दशकात त्याची दुरुस्ती झाली, आणि आता महावेली नदीचं पाणीही त्यात आणलं आहे.

मग गाइडने गोष्ट सांगितली. ती तिथल्या पाली बखरीत आहे. कश्यपाने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे ते विचारलं. धातुसेन म्हणाला, मला कलावेवाला घेऊन चला. तिथे तो पाण्यात उतरला, अंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी सगळी संपत्ती ती हीच. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं.

आदल्या दिवशी आम्ही कश्यपाच्या महालावर चढून आलो होतो. तिथे रोज हजारो माणसं तिकीट काढून येतात. इथे बांधावर आमच्या बसखेरीज कुणी नव्हतं, आणि पाटातून पाणी भाताच्या खाचरांकडे चाललं होतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. त्याआधी शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. माझ्या वर्गातली मुलं तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत घागरी घेऊन रांगेत असायची आणि सकाळी बाकावर डोकं ठेवून झोपायची. मी उठवत नसे. बांधावर हे सगळं एकदम समोर आलं आणि मला बोलता येईना. नाना खाली उतरले, चपला काढल्या, पाण्यात उभे राहून तोंड धुतलं आणि सगळ्यांना हाक मारली. मग एकेक करून बहुतेक जण उतरले.

संध्याकाळी कँडी. दळदा मालिगाव या मंदिरात बुद्धाचा दंतधातू, म्हणजे दात, आहे. साडेसहाच्या पूजेला ढोल सुरू झाले आणि वरच्या मजल्यावर फुलं घेतलेल्या माणसांची रांग हलू लागली. कमळाची आणि पांढऱ्या चाफ्याची फुलं बाहेर मिळतात. रांगेत ढकलाढकल नाही, आवाज नाही. लहान मुलंसुद्धा गप्प.

मंगळवार : पेरादेनिया आणि चहा

पेरादेनियाचं वनस्पतिउद्यान १४७ एकरांवर आहे. सकाळ तिथे गेली. वडाच्या जातीच्या एका अवाढव्य झाडाखाली आमचा सगळा ग्रुप मावून निम्मी सावली उरली. इथे घाई करू नका, एवढंच सांगते.

त्यानंतर घाट. प्रत्येक वळणावर हवा गार होत जाते आणि डोंगर चहाने मढलेले. १८६७ मध्ये जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने लूलकंदुरा इथे चहाची पहिली मोठी लागवड केली. त्याआधी इथे कॉफी होती, १८६९ पासून पानांवरच्या तांबेऱ्याने ती साफ बुडाली आणि सगळे चहाकडे वळले. कारखान्यात पान कोमेजवणं, रगडणं, आंबवणं, वाळवणं आणि चाळणं सगळं दाखवतात. चहा घ्यायचा तर इथेच घ्या.

बस एका मळ्यापाशी थांबली. बायका पाठीला पिशव्या लावून पानं खुडत होत्या, दोन पानं आणि एक कळी. ग्रुपमधल्या काहींनी फोटो काढले. केजच्या मावशी उतरून सरळ एका बाईपाशी गेल्या आणि तिचा हात हातात घेतला. बोटांची टोकं चिकाने काळी झालेली, नखांच्या कडांना चिरा, अंगठ्याच्या आतल्या बाजूला घट्टा. मावशींनी स्वतःचा पंजा तिच्यापुढे उघडा केला. लग्नानंतर पुष्कळ वर्षं मावशी दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात असत. हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

गाइडने मग तमिळमधून बोलणं करून दिलं. या मजुरांचे पूर्वज इंग्रजांनी तमिळनाडूतून आणले. १९४८ मध्ये स्वतंत्र लंकेच्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं. १९६४ मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला, काही भारतात परतले, आणि उरलेल्यांचा प्रश्न पूर्ण सुटायला २००३ उजाडलं. अजून कित्येकांची घरं म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या ओळीने बांधलेल्या एकेक खोल्या. मावशींनी विचारलं, पोरं शाळेत जातात का? जातात, मोठी मुलगी बारावीला आहे. मावशी म्हणाल्या, "तिला इकडं आणू नको." बाई हसली आणि मान हलवली. ते भाषांतर गाइडने करायच्या आधीच.

नुवारा एलियात रात्री खरोखर थंडी असते, उंची १८०० मीटरच्या वर. स्वेटर न्या.

बुधवार : सीता एलिया आणि एल्लाची रेल्वे

माघी पौर्णिमा होती. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, 'पोया'ला, सुट्टी असते. दारू विकत नाहीत, आणि पांढरे कपडे घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं विहारांकडे निघतात.

सीता एलियाचं मंदिर रस्त्यालगत, मागे ओढा आणि जंगल. ओढ्याकाठच्या खडकातले खळगे मारुतीची पावलं म्हणून दाखवतात. मंदिर लहान आहे, पण ओढ्याचा आवाज आणि मागचं घनदाट रान, तिथे बसून मंडळींनी रामरक्षा म्हटली. तमिळ पुजारी शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होते.

नानुओया ते एल्ला रेल्वेचं आरक्षण आधीच करावं लागतं, पौर्णिमेला तर हमखास. वाटेतलं पट्टिपोला हे देशातलं सगळ्यात उंच स्टेशन. बोगदा, ढग, निलगिरीची झाडं, मग अचानक खाली उघडलेली दरी. दारात लटकू नका, बोगद्याच्या भिंती अगदी जवळून जातात.

फेरीवाल्याकडून डाळवडे घेतले. कागदाचा पुडा सोडवला तर तो गणिताच्या वहीचा कागद. अपूर्णांकांची बेरीज, आणि खाली बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केलेली. तिसऱ्या गणितात छेद समान करायचा राहिला होता, तिथे लाल गोल. मी तो कागद पुसून पुस्तकात ठेवला. समोर पांढऱ्या साडीतल्या आजी बसल्या होत्या, त्यांनी आपल्या डब्यातला दूधभात मला दिला, मी दशमी दिली.

डेमोदराचा नऊ कमानींचा पूल १९२१ चा. फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. खरी मजा चहाच्या वाफ्यांतून खाली उतरून गाडी येण्याची वाट बघण्यात आहे.

गुरुवार-शुक्रवार : गाल, पेरालिया, कोलंबो

एल्लाहून खाली उतरलं की उकाडा परत. रावणा धबधब्यापाशी दहा मिनिटं, मग दक्षिणेचा द्रुतगती मार्ग. वाटेत मडक्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर माडाचा काकवीसारखा दाट रस. हे चुकवू नका.

गालचा किल्ला पोर्तुगिजांनी १५८८ मध्ये सुरू केला, नंतर डचांनी १६६३ पासून मजबूत केला. डचांनी गटारं अशी काढली की भरतीच्या पाण्याने ती आपोआप धुऊन निघत. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गाव वाहून गेलं आणि तटामागची वस्ती मोठ्या प्रमाणात वाचली. संध्याकाळी तटावर गावातली मुलं क्रिकेट खेळत होती, आमच्यातले दोघं त्यांच्यात जाऊन खेळले.

शुक्रवारी सकाळी हिक्कडुवाच्या पुढे पेरालियाला थांबलो. २६ डिसेंबर २००४ ला इथे मातराला निघालेली गाडी लाटेत सापडली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. जपानच्या मदतीने उभारलेली बुद्धाची उंच मूर्ती आहे, आणि स्मारक. थांबा पंधरा मिनिटांचा होता. औसा तालुक्यातल्या काकू मात्र तिथल्या बाकावर बसून राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माहेर ढिगाऱ्याखाली गेलं. फुलं विकणारी एक बाई शेजारी येऊन बसली, तिच्या दोन बहिणी त्या दिवशी लाटेत गेल्या होत्या. टूर मॅनेजरने कुणालाही हाक मारली नाही. आम्ही तासाभराने निघालो. त्या मुलाचं मला फार कौतुक वाटलं.

कोलंबोत गंगारामय विहार, आणि संध्याकाळी गाल फेसच्या हिरवळीवर पतंग, मक्याची कणसं आणि कोळंबी बसवलेले वडे. खरेदीला वेळ कमी पडला अशी काहींची तक्रार होती. मला तसं वाटलं नाही.

शनिवारी परतलो.

जाणार असाल तर दक्षिण आणि डोंगराळ भागासाठी जानेवारी ते मार्च चांगले. पूर्व किनारा पाहायचा असेल तर मे ते सप्टेंबर. ग्रुप टूर ठरवताना पैसे भरण्याआधी कार्यक्रमाचा कागद मागा आणि त्यात रत्नांच्या दुकानाच्या जागी कलावेवा लिहून घ्या. दांबुल्ला किंवा हबरानाला मुक्काम असेल तर ते सहज बसतं. आणखी एक दिवस काढता आला तर पोलोन्नरुवाचा पराक्रमसमुद्र बघा. बाराव्या शतकातला पराक्रमबाहू राजा म्हणत असे की पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याखेरीज समुद्रात जाऊ द्यायचा नाही, त्याचा तो तलाव. आमचा राहिला. नानांनी गावच्या चार शेतकऱ्यांना तयार केलं आहे, पुढच्या फेब्रुवारीत ते तेवढ्यासाठीच जाणार आहेत, आणि हिरिवडुन्नाला मुक्काम करून बेत्माचं सगळं नीट विचारून, लिहून आणणार आहेत.